सात किलोंचं बोचकं

उशिओदा गावात वजनाचा अंदाज कुनिए एबिसुतानीइतका कुणाचा पक्का नव्हता. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची एकतीस वर्षं गेली होती. पहिलीतल्या मुलाला भात किती, सहावीतल्याला किती, बांगड्याचा तुकडा किती ग्रॅमचा कापला म्हणजे शेवटच्या ताटापर्यंत पुरतो, हे ती काट्याकडे न बघता सांगायची. ती कामाला लागली तेव्हा शाळेत दोनशे दहा मुलं होती. आता त्रेचाळीस उरली होती. पातेली मात्र तीच होती. सूप ढवळताना तिला विहिरीत डोकावल्यासारखं व्हायचं.

पंचेचाळिसाव्या वर्षी तिचा उजवा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, पोहायला लागा. पोहण्याचा तलाव गाडीनं चाळीस मिनिटांवर आणि समुद्र मागच्या दारात. त्यांच्या पडवीत ओसाकाची पोरं भाडं देऊन आपले सर्फबोर्ड ठेवायची. त्यांतला एक लग्न करून जो गेला तो परत फिरकलाच नाही, आणि त्याची नऊ फुटी, पिवळी पडलेली फळी अडगळ होऊन बसली. "फळी रिकामी आहे आणि खांदा दुखतोय," असं म्हणून कुनिएनं एके सकाळी ती पाण्यात घातली. पहिली दोन वर्षं ती पडत राहिली. तिसऱ्या वर्षी उभी राहिली. खांदा कधी बरा झाला ते तिच्या लक्षातही आलं नाही. गावातल्या बायका सुरुवातीला म्हणाल्या, नवऱ्याशी पटत नसेल. मग म्हणाल्या, वयाचं काहीतरी असेल. मग बोलायच्या थांबल्या, कारण कुनिए अठ्ठावन्न वर्षांची झाली तरी रोज सकाळी पाण्यात जातच होती आणि पावणेआठला शाळेत डोक्याला फडकं बांधून हजर असायची.

नवऱ्याशी तिचं चांगलं पटत होतं. तामोत्सु मच्छीमार सोसायटीच्या बर्फाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याला पोहता येत नव्हतं. बायको पाण्यात शिरली की हा बांधावर येऊन बसायचा आणि तिचं डोकं मोजायचा. एकच डोकं, पण तो मोजायचा. बरोबर थर्मास, टॉवेल, दोरी, शिट्टी, टॉर्च आणि जास्तीचा एक टॉवेल. "लागलंच तर," म्हणायचा. सूर्य डोक्यावर आलेला असताना टॉर्च कशाला लागेल, हे तेरा वर्षांत कुनिएनं विचारलं नव्हतं. संसार असाच चालतो.

जानेवारीतल्या एका थंड दुपारी मिओ पार्सल घेऊन आली. मिओ ही गावची पोस्टवाली. वय तेहतीस, मूळची ओसाकाची, लाटांपायी इकडे बदली मागून घेतलेली. वर्षातून एकदा ती पाठीला एक पिशवी लावून कुठल्यातरी उष्ण देशात जायची आणि काळीकुट्ट होऊन परत यायची.

"काकू, पोच म्हणून इथे तुमचा शिक्का मारा. आणि मार्चच्या शेवटी शाळेला सुट्टी आहे ना तुमच्या?"

"आहे. का गं?"

"तैवानला चला माझ्याबरोबर. पाणी कोमट असतं. विमानाचं जाऊन-येऊन चौदा हजार येन. आज रात्री बारापर्यंतच आहे हा भाव."

कुनिएचा शिक्का हवेत थांबला. "चौदा हजारात? माझ्या दाढेला एकवीस लागले."

"दाढ नाही नेणार आपण. आपण तुम्हाला नेणार."

"आणि फळी?"

मिओनं डोकं खाजवलं. "फळीचे वेगळे. जाऊन-येऊन सोळा."

"माणसाला चौदा आणि फळीला सोळा?" कुनिए म्हणाली. "चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! फळीला खिडकीजवळची जागा देतात का?"

"म्हणूनच फळी न्यायची नाही. तिथे भाड्यानं घ्यायची. एक पिशवी, सात किलो, आपल्याबरोबर विमानात. सात किलोंच्या वर गेलं की पैसे."

फळी न्यायची नाही म्हटल्यावर कुनिएचा चेहरा पडला. तेरा वर्षांत दुसऱ्या फळीवर तिनं पाय ठेवला नव्हता. हे म्हणजे शेजारणीची कवळी लावून जेवायला बसण्यासारखं होतं. पण 'सात किलो' हा शब्द तिच्या कानात घोळत राहिला. देश परका असेल, भाषा परकी असेल. ग्रॅम काही परके नव्हते. तिनं शिक्का मारला. पार्सलवर मारला, पण मिओ समजायचं ते समजली.

"मात्र एक," कुनिए आवाज उतरवून म्हणाली, "गावात कुणाला कळता कामा नये."

त्याचं कारण होतं. गावात कुणी लांब निघालं की शेजारीपाजारी पाकिटात पैसे घालून आणून देतात, जपून जा म्हणतात. पाकीट घेतलं की परत येताना त्या घरासाठी भेट आणावीच लागते. टोफूवाला आणि त्याची बायको एकदा हवाईला गेली होती. त्यांना एक्केचाळीस पाकिटं आली. पाच दिवस ती दोघं दुकानांतून चॉकलेटचे डबे मोजत हिंडली. हवाईचा समुद्र कसा आहे, असं कुणी विचारलं की टोफूवाला अजूनही म्हणतो, "बसमधून बरा दिसला."

"आपण सांगायचं, ओसाकाला बहिणीकडे चाललेय," कुनिएनं नवऱ्याला बजावलं.

"ओसाकाला," तामोत्सु म्हणाला.

"दुसरं काही बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

आणि तो बोललाही नसता. पण त्या माणसाला खोटं पेलत नाही. फेब्रुवारीत सार्वजनिक न्हाणीघरात तो गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसलेला असताना टोफूवाल्यानं सहज विचारलं, "काय रे, वहिनी सुट्टीत कुठे जाणारेत म्हणे?"

"ओसाकाला," तामोत्सु म्हणाला. एवढ्यावर थांबायचं. पण समोरचा गप्प बसला, याला ते सहन झालं नाही, आणि हा पुढे म्हणाला, "ओसाकाला पासपोर्ट लागत नाही."

संध्याकाळपर्यंत गावात झालं, की कुनिए परदेशी चालली आहे. फक्त देश कुठला एवढंच ठरायचं राहिलं.

पहिलं पाकीट आणलं इसोएआजीनं. वय चौऱ्याऐंशी, महिला मंडळाची अध्यक्ष, कंबरेतून वाकलेली, जिभेनं ताठ. दारातच तिनं दोन्ही हातांनी पाकीट पुढे केलं.

"थोडंसंच आहे. वाटेत चहा पी."

"छे छे, आजी, हे कशाला? मी नाही घेणार."

"घे गं."

"नाही, खरंच नको."

"कुनिए, मी तीन टेकाडं उतरून आलेय."

गावात एकच टेकडी होती, पण आता हा वाद घालण्यात अर्थ नव्हता. नाही म्हणण्याची पद्धत तीन वेळांची. तिसऱ्या वेळी घ्यावंच लागतं. कुनिएनं घेतलं. इसोएआजी जाता जाता म्हणाली, "माझ्यासाठी काही आणू नकोस हं. मऊ असलं तर ठीक. दात राहिले नाहीत."

आठवड्याभरात सतरा पाकिटं झाली. मिओला हे कळलं तेव्हा ती आनंदानं ओरडली, "काकू, तुमचा प्रवास फुकटात झाला की!"

"फुकटात नाही झाला, विकला गेला," कुनिए म्हणाली. "अननसाच्या केकचा लहानातला लहान डबा तीनशे ग्रॅम. सतरा डबे म्हणजे पाच किलो शंभर. म्हणजे मला कपडे, चप्पल आणि अंग पुसायचं मिळून एक किलो नऊशेत बसवायचंय. आणि पिशवीचंच वजन आठशे आहे."

"येताना जास्तीच्या सामानाचे पैसे भरा."

"मग स्वस्तातलं तिकीट कशाला काढलं?" कुनिए म्हणाली. तिचा जन्म उरलेल्या गाजरांच्या सालींचं लोणचं घालणाऱ्या घरात झाला होता.

मार्च उजाडला तसं घराचं स्वयंपाकघर झालं, म्हणजे शाळेचं. कुनिएनं शाळेतला बटाटे मोजायचा काटा मुख्याध्यापकांची परवानगी काढून घरी आणला आणि प्रत्येक वस्तू त्यावर ठेवून कागदावर लिहिली. टॉवेल दोनशे ऐंशी. रद्द, त्याऐवजी पातळ गमछ्यासारखा सुती पंचा, चाळीस. पोहण्याचा जाड रबरी अंगरखा एक किलो सातशे. तिथलं पाणी कोमट, रद्द. पायजमा रद्द. "मग झोपताना काय घालणार?" तामोत्सुनं विचारलं. "दुसऱ्या दिवशी घालायचे ते कपडे. आणि दुसऱ्या दिवशी घालीन तेच परत झोपताना." दात घासायच्या ब्रशची अर्धी दांडी तिनं कापली, चार ग्रॅम वाचले. साबणाचा तुकडा केला. गोळ्या वेष्टनातून काढून कागदाच्या पुडीत बांधल्या. केसही कापून घेतले. न्हाव्यानं विचारलं किती कापू, तर म्हणाली, "तीस ग्रॅम."

तामोत्सु हे सगळं बघत होता आणि आतून झिजत होता. ज्या माणसाला बांधावर बसायला दोन टॉवेल लागतात, त्याची बायको एका पंचावर समुद्रापार चालली होती.

"अगं, पोटाला बांधायला लोकरीचा पट्टा?"

"नको."

"ताप मोजायची काडी?"

"ताप आला की कळतो."

"छत्री?"

"अहो, मी सहा दिवस भिजायलाच चाललेय!"

शेवटच्या संध्याकाळी मिओच्या साक्षीनं पिशवी काट्यावर चढली. पाच किलो शंभर. पण येताना डबे वाढणार होते, त्याचं काय, हा प्रश्न होताच. तरी मिओनं टाळ्या वाजवल्या. तिची स्वतःची पिशवी सहा किलो सहाशेची होती आणि ती स्वतःला या विषयातली पंडित समजत होती.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर सामान तपासणीच्या खिडकीशी कुनिएनं पिशवी ऐटीत ठेवली. काट्यावर आकडा उमटला. सात किलो नऊशे.

"काटा चुकतोय," कुनिए म्हणाली.

"काटा बरोबर आहे, बाई," खिडकीतली मुलगी नम्रपणे म्हणाली.

"मुली, मी एकतीस वर्षं वजन करतेय. पिशवीत दोन किलो आठशे घुसलंय. एवढं चुकत नाही मी. चोर कोण तेही मला माहीत आहे."

तिथेच खाली बसून तिनं पिशवी उलटी केली. मोज्यांच्या आतून टॉर्च निघाला. पंचाच्या घडीतून शिट्टी, दोरी आणि दुसरा टॉवेल. खालच्या कप्प्यातून लोकरीचा पट्टा आणि ताप मोजायची काडी. सगळ्यात तळाशी, वर्तमानपत्रात चौपदरी गुंडाळलेली, तामोत्सुनं स्वतः खारवलेल्या उमे फळांची काचेची बरणी. परदेशात पोट बिघडलं तर.

"अंगावर घातलेलं मोजत नाही," मुलीनं सुचवलं.

कुनिएनं पट्टा पोटाला बांधला, दोरी पट्ट्यावरून गुंडाळली, टॉवेल मानेभोवती घेतला, शिट्टी गळ्यात अडकवली, टॉर्च खिशात कोंबला. मिओ दोन पावलं लांब सरकली. आकडा आता खाली आला होता, पण बरणी जडच होती. ती काही अंगावर घालता येत नव्हती.

"टाकून द्या ना काकू," मिओ कुजबुजली. "तिथे कचऱ्याचा डबा आहे."

एकतीस वर्षं ज्या बाईनं 'पानात टाकायचं नाही' असं मुलांच्या डोक्यावर उभं राहून सांगितलं, तिला हे सांगायचं म्हणजे कमाल होती. कुनिएनं झाकण उघडलं. आंबट वासानं आसपासच्या चार जणांच्या तोंडाला पाणी सुटलं. मागे रांगेत एक शाळकरी मुलांचा बेसबॉलचा संघ, दोन विक्रेते आणि एक नवविवाहित जोडपं होतं.

"हात पुढे करा," कुनिए म्हणाली, त्याच आवाजात ज्यानं त्रेचाळीस मुलं एका रांगेत उभी राहतात. "एकेक. बी गिळायची नाही. प्रवासात मळमळत नाही यानं."

रांग खरोखरच पुढे आली. एकोणतीस फळं सहा मिनिटांत संपली. नवऱ्या मुलाचे डोळे आंबटपणानं मिटले आणि नवरी इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. खिडकीतली मुलगी म्हणाली, "आम्हाला कामावर असताना काही घेता येत नाही," आणि तिनं आपलं फळ रुमालात गुंडाळून खणात ठेवलं. बिया बरणीत गोळा झाल्या. बरणी मात्र कुनिएला टाकावी लागली, आणि त्याचं तिला विमान उडेपर्यंत वाईट वाटत राहिलं.

काओशुंगला उतरून आगगाडीनं ताइतुंग, तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं बस. मिओनं शोधून काढलेलं घर पानाय नावाच्या बाईचं होतं. ती तिथल्या मूळच्या आमिस जमातीची, साठीच्या पुढची, सुपारीनं ओठ लाल, खालच्या मजल्यावर सकाळी न्याहारीचं दुकान आणि वर तीन खोल्या. घराच्या मागे, उत्तरेला नोकरीला गेलेल्या मुलाच्या फळ्या रचलेल्या होत्या. त्या ती भाड्यानं द्यायची.

पानायला जपानी येत होतं, पण ते जपानी राजवटीत शिकलेल्या तिच्या आईकडून आलेलं होतं, आणि आईनं तिच्याशी ती भाषा फक्त रागवायला वापरली होती. त्यामुळे पानायजवळ एकंदर वीसेक शब्द होते आणि ते सगळे ओरडण्याचे होते. दार उघडल्या उघडल्या ती तोंडभर हसून म्हणाली, "मूर्ख! लवकर ये! हात धू!"

कुनिएनं मुकाट्यानं हात धुतले. तिला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

फळी मात्र परकी ती परकीच निघाली. हिरवी, जाड, एका टोकाला कुत्र्यानं चावलेली. कुनिएच्या पिवळ्या फळीला म्हाताऱ्या बैलासारखी सवय होती. हिच्या मनात काय आहे तेच कळेना. उजवीकडे झुकावं तर ही डावीकडे निघायची. पहिल्या दिवशी कुनिए एकोणीस वेळा पडली. दुसऱ्या दिवशी तिनं मोजणं सोडलं. किनाऱ्यावरून पानाय दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडत होती, "धोका! धोका! मूर्ख! घरी ये!" आणि पाण्यातली सगळी तरुण पोरं या म्हाताऱ्या बाईला तिच्या बहिणीनं परत बोलावलंय असं समजून वाट करून देत होती.

तिसऱ्या दिवशी वारा फिरला. समुद्र असा घुसळला, की मिओसुद्धा जिना उतरून बघून आली आणि परत झोपली. पानाय ओसरीवर रानआल्याच्या वाळलेल्या पानांच्या पट्ट्या घेऊन चटई विणत बसली होती. कुनिएनं एक पट्टी उचलली आणि सवयीनं तळहातावर तोलली. काहीच वजन नव्हतं. आणखी पाच उचलल्या. तरी नाही.

तिनं खुणेनं विचारलं, शिकवशील का? चहाच्या पेल्याखाली ठेवायला, एवढी एवढी गोल तबकं?

पानायनं तिची बोटं बघितली, भाजून, कापून, खरबरीत झालेली, आणि होय म्हणून मान हलवली. पहिलं तबक चेंगरलेल्या खेकड्यासारखं झालं. पानायनं ते उलगडून टाकलं. "मूर्ख," ती मायेनं म्हणाली. दुसरंही उलगडलं. चौथ्याला तिनं हात लावला नाही. दोन दिवस दोघी ओसरीवर बसल्या. मधूनच पानाय उठायची, वाफाळलेल्या, सारण भरलेल्या उंड्या आणून पुढ्यात ठेवायची, कुनिए एक तोडून आत काय किती आहे ते बघायची आणि बोटांनी दाखवायची: डुकराचं मांस पस्तीस ग्रॅम, कोबी वीस. पानाय जाऊन तोलून आली. चौतीस आणि वीस. तेव्हापासून तिनं कुनिएकडून उंड्यांचे पैसे घेतले नाहीत.

चौथ्या संध्याकाळी सतरा तबकं झाली. एका पेल्याखालचं आठ ग्रॅम. सगळी मिळून एकशे छत्तीस.

"दोन दिवस गेले की काकू," मिओ म्हणाली. "टोफूवाल्यासारखंच झालं तुमचं."

हे मात्र कुनिएला लागलं. रात्रभर लागलं. पण पाचव्या दिवशी पहाटे वारा पडला आणि पाणी तेलासारखं गुळगुळीत होऊन लांब, सावकाश लाटा येऊ लागल्या. कुनिए हिरवी फळी घेऊन आत गेली. पुष्कळ आत गेल्यावर तिनं सवयीनं मागे वळून किनाऱ्याकडे पाहिलं. बांध नव्हता, थर्मास नव्हता, तामोत्सु नव्हता. तेरा वर्षांत पहिल्यांदाच तिचं डोकं कुणी मोजत नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, आपण बुडालो तर आकडा कुणाकडे चुकेल? आणि लगेच मागोमाग वाटलं, आज पडले तरी कुणाचा जीव वरखाली होणार नाही. या दुसऱ्या विचारानं तिला एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली.

तेवढ्यात लाट आली. फळीशी भांडायला वेळच उरला नाही. ती उठली, गुडघे वाकले, हिरव्या फळीला जिकडे जायचं होतं तिकडे तिनं जाऊ दिलं, आणि लाट तिला उजवीकडे नेत नेत, नेत नेत, नदीच्या मुखाजवळच्या गोट्यांपर्यंत घेऊन गेली. इतकी लांब लाट तिला आयुष्यात मिळाली नव्हती. ती उतरली. गळ्यात शिट्टी अजून होती. तिनं ती जोरात वाजवली. कशासाठी ते तिलाही माहीत नव्हतं.

पानाय चपला हातात घेऊन धावत आली. "धोका? धोका?"

"नाही, नाही," कुनिए हसत आणि रडत म्हणाली. "चांगलं झालं. फार चांगलं."

'चांगलं' हा शब्द पानायच्या आईनं कधी वापरला नव्हता. तिनं तो दोनदा म्हणून पाहिला.

गावात परत आल्यावर कुनिएनं सतरा घरी सतरा तबकं पोचवली. बायकांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाल्या, "अगं बाई, किती सुरेख! किती... हलकं!" टोफूवाल्याच्या बायकोनं उलटसुलट करून विचारलं, "कुठल्या दुकानातलं?" मी विणलंय म्हटल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मग हे परदेशातलं कसं? हे तर तुझ्याच हातचं." दोन दिवस गावात या मुद्द्यावर खल झाला. तामोत्सुनं बरणीचं काय झालं तेही विचारलं नाही, फक्त बायकोच्या तोंडून सगळी हकिकत ऐकताना उमे फळं वाटल्याचं आलं तेव्हा म्हणाला, "एकोणतीस नव्हती, तीस होती." तिसावं मिओनं रांग सुरू व्हायच्या आधीच खाल्लं होतं.

इसोएआजी मात्र आठवड्यानं कुनिएच्या दारात आली. तिच्या मागून तिचा जावई एक पिशवी ओढत येत होता.

"कुनिए, तू म्हणे सात किलोंत परदेश केलास."

"पाचच होते, आजी. बाकीचं नवऱ्यानं घातलं."

"मग हे बघ." ती पिशवी म्हणजे आजीची भूकंपाची पिशवी होती. मोठा भूकंप झाला की लाट यायच्या आत गावानं देवळाच्या टेकडीवर पळायचं, एकशे बारा पायऱ्या, हे उशिओदात पोरासोरांना ठाऊक आहे. दर मेमध्ये त्याची रंगीत तालीम होते. "गेल्या वर्षी मी निम्म्या पायऱ्यांवर बसले. खरी लाट असती तर आत्ता तुझ्याशी कोण बोललं असतं?"

कुनिएनं पिशवी बटाट्याच्या काट्यावर ठेवली. अकरा किलो चारशे. आत बिडाची चहाची किटली, चार दिवसांचं पाणी, नवऱ्याचा चौकटीतला फोटो, समारंभाचा काळा किमोनो आणि त्यावरचे जोडे.

"किमोनो कशाला?"

"कुणी मेलं तर काय पायजम्यात जायचं?"

दुपारभर दोघी भांडल्या. किटली गेली. पाणी एका बाटलीवर आलं. वर देवळात टाकी आहे, हे आजीला तीनदा सांगावं लागलं. फोटो चौकटीतून निघाला आणि नऊशे ग्रॅमचा नवरा चार ग्रॅमचा झाला. "जिवंतपणी इतका हलका कधी वागला नाही," आजी म्हणाली. किमोनोवर ती अडून बसली. शेवटी त्याचा कंबरेचा काळा पट्टा तेवढा ठेवायचं ठरलं. दोन किलो सहाशे.

ही बातमी फुटायला न्हाणीघराचीही गरज लागली नाही. दुसऱ्या दिवशीपासून कुनिएच्या पडवीत पिशव्यांची रांग लागली. टोफूवाल्याच्या पिशवीत दळायचा दगड निघाला. मुख्याध्यापकांनी काटा परत मागितला होता, ते स्वतःच आपली पिशवी घेऊन आले. एकट्या तामोत्सुनं आपल्या पिशवीला हात लावू दिला नाही. "तुझं तुझ्याजवळ, माझं माझ्याजवळ," तो म्हणाला, आणि चाळीस वर्षांच्या संसारात इतकं कठोर तो पहिल्यांदाच बोलला.

मेमधल्या रविवारी सकाळी भोंगा वाजला. गाव निघालं. इसोएआजी काठी टेकत, कुणाचा हात न धरता, एकेक पायरी चढत वर पोचली. वीस मिनिटं लागली, पण पोचली. गेल्या वर्षी अर्ध्या वाटेवर बसलेल्या सहाजणी यंदा वर होत्या. फायर ब्रिगेडच्या साहेबांनी घड्याळ बघून वहीत काहीतरी लिहिलं आणि पुन्हा घड्याळ बघितलं.

सगळ्यांत शेवटी, सगळे मोजून झाल्यावर, खालून धापांचा आवाज आला. तामोत्सु येत होता. पाठीला सतरा किलोंची पिशवी, दोन्ही खांद्यांना काहीतरी लोंबतंय, चेहरा उमेसारखा लाल.

"बुडाला असतास, बाबा!" टोफूवाला ओरडला. सगळे हसले. कुनिएसुद्धा हसली, पण ती चार पायऱ्या उतरून खाली गेली आणि नवऱ्याची पिशवी मागून उचलून धरली.

वर आल्यावर तामोत्सुनं पाठीवरचं ओझं उतरवलं आणि त्यातून एक घडीची खुर्ची काढली. मग दुसरी. मग तिसरी. इसोएआजीनं पहिल्या खुर्चीत अंग टाकलं, पाय लांब केले आणि म्हणाली, "तामोत्सु, चहा आहे का रे?"

होता.